दूध वर येईपर्यंत

आई,

या देशात सामान्य माणसाला स्वतःचं दूध स्वतः उतू घालवण्याचाही अधिकार उरलेला नाही. नवी इंडक्शन शेगडी बघता बघता दूध वर आणते आणि मी वळेपर्यंत टीं टीं करून आपणहून बंद होते. तक्रार तुझ्याकडेच करायला हवी, कारण आपल्या निगडीच्या घरात तुझ्या रेडिओ ट्रान्समीटरचं घड्याळ म्हणजे दुधाचं पातेलं. रविवारी कंपनीला सुट्टी असली की तू आधी त्या बाटलीएवढ्या काचेच्या ट्यूबचं फिलामेंट तापायला लावायचीस, मग गॅसवर दूध. साय वर चढेपर्यंत हाय व्होल्टेजच्या स्विचला हात लावू द्यायची नाहीस. "थंडीत गार पाण्याखाली ढकललं तर तू कसा कोकलतोस? तिलाही तापू दे आधी."

आज रविवार. ट्यूब तुझीच, शेवटची. ही गेली तर दुसरी मिळायची नाही. तुझा सेट कायमचा मुका, आणि पन्नाशीत परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढलेला मी एका लोखंडी खोक्याचा मालक. म्हणून या घाईच्या शेगडीवर विश्वास न ठेवता दुसरं पातेलंही तापवलं, मगच स्विच दाबला. बटण फिरवतो तर मीटरचा काटा वर, काचेत प्लेट लाल व्हायला लागते, आणि तू कानाशी: "काटा वर म्हणजे ट्यूब जळतेय. काटा खाली म्हणजे गच्चीवरच्या तारेला मिळतंय. खाली बसला की हात काढ. आच वाढवून भाजी शिजत नाही, करपते." काटा बसतो. लाली विझते. मी हात काढतो.

माइकवर हाक मारली, तर रत्नागिरीचे मास्तर आले, दर रविवारी तुझ्याशी हवेवर भांडणारे. आवाज थकलाय, जीभ नाही. "सेट ओळखला हो मी. माणूस कोण?" मी म्हटलं, तिचा मुलगा. मग म्हणाले, "तुझ्या आईनं माझं त्र्याहत्तर बाकी ठेवलंन. बोलता बोलता तुमच्याकडची लाइट गेली, आणि त्याच आठवड्यात ती गेली."

आम्हा रेडिओवाल्यांत निरोप घेताना शुभेच्छा म्हणून 'त्र्याहत्तर' म्हणतात. ते राहिलं की गप्पा उघड्याच राहतात.

"मास्तर, हे तिचं. त्र्याहत्तर."

"पोचलं. तुझं आज नको. पुढच्या रविवारी ये."

जाणार आहे. ट्यूब टिकेलसं वाटतं. हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून पाकीट चिकटवत नाही. एवढंच कबूल करतो, ते त्र्याहत्तर म्हणताना मी आवाज थोडा तुझ्यासारखा काढला होता.