फाट्यावर शून्य प्रवासी

साहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय निघाला तर पोरं विचारतात, "कोणते साहेब?" त्यांना सांगत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहिलेलं बरं.

दुष्काळाच्या साली मी डेपोत कारकून म्हणून लागले. सगळ्या डेपोत बाई अशी मी एकटीच, म्हणून माझं टेबल तुमच्या केबिनच्या दाराशी लावलेलं. तुम्ही डेपो मॅनेजर, नुकतेच पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेले, आणि येताना एक वाक्य घेऊन आलेले: "निर्णय माहितीवर घ्यायचा, आवाजावर नाही." ते तुम्ही ड्रायव्हरांना ऐकवलंत, कंडक्टरांना ऐकवलंत, चहावाल्यालाही ऐकवलंत. त्याआधी नवी गाडी कुठल्या गावाला द्यायची हे ठरायचं ते कुठला पुढारी टेबलावर जास्त जोरात हात आपटतो त्यावर. तुम्हाला ते मनापासून बंद करायचं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर तुमच्या त्या रंगीत पेन्सिली मी निमूटपणे सहन केल्या.

कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली हे प्रत्येक कंडक्टरने लिहून द्यायचं, मी बेरजा करायच्या, शनिवारी भिंतीवर आलेख लावायचा आणि सोमवारी तुम्ही हात मागे बांधून त्याच्यासमोर उभं राहून निर्णय घ्यायचा, अशी तुमची पद्धत. सुरुवातीला तिचा गुणही आला. एका पुढाऱ्याच्या गावची गाडी रोज रिकामी फिरते, हे आलेखात दिसलं आणि तुम्ही ती काढून घेतलीत. पुढारी तणतणत आला. तुम्ही नुसतं भिंतीकडे बोट केलंत. त्याने त्या लाल-निळ्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "चहा तरी सांगा." त्या दिवशी आपण दोघं जग जिंकल्यासारखे वागत होतो.

मग चिंचेचा फाटा आला. नगरच्या रस्त्यावरचा थांबा, आणि आलेखात महिनाभर शून्य. आता तो बंद होणार, अशी कंडक्टरांत कुजबुज सुरू झालीच होती. तुम्ही म्हणालात, "थांबा बंद. सोमवारपासून. ऑर्डर टाइप करा." मी कागद मशिनला लावतेय तोच एक मावशी आत आल्या, डोक्यावर बांगड्यांची टोपली. फाट्यामागच्या वस्तीत राहणाऱ्या, गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकणाऱ्या. टोपली त्यांनी सरळ माझ्या टेबलावर ठेवली.

"सायेब, आमचा फाटा बंद व्हनार म्हनं."

"मावशी, तिथं चढणारं कोणीच नाही. हे बघा." तुम्ही त्यांना आलेखापाशी नेलंत. अगदी आदराने नेलंत, ते मला अजून दिसतं.

"ह्यात आमी कुठं हाय?"

"तेच सांगतोय. शून्य."

मावशी म्हणाल्या, "आन् मी हितवर आले ती?"

"कशा आलात?"

"चालत."

तुम्ही त्या गाडीच्या कंडक्टरला बोलावलंत. तो शपथेवर म्हणाला की फाट्यावर चिटपाखरू नसतं. आता माहिती एक सांगते आणि मावशी दुसरं. मला वाटलं, तुम्ही माहितीच्या बाजूने जाल. पण तुम्ही म्हणालात, "ऑर्डर राहू द्या. मी बघून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जीपने फाट्यावर उतरलात आणि जीप परत पाठवून दिलीत. कंडक्टरने ओळखू नये म्हणून गॉगल लावून गेला होतात. त्या भागात गॉगल लावलेला माणूस नाटकातसुद्धा आला नव्हता. पुढचं तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मला सांगितलं मावशींनी. फाट्यावर हातोडे आणि भाकरीची गाठोडी घेतलेली पन्नासेक माणसं, दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेली. उशीर झाला की हजेरी लागत नाही, म्हणून सगळ्यांची नजर रस्त्यावर. गाडी येते ती डेपोच्या गावातूनच गच्च भरून. दारात लोंबकळणारा कंडक्टर ओरडतो, "मागनं मोकळी गाडी येतीय!" आणि धुरळा. मागून कुठलीही गाडी नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? वेळापत्रक तुम्हीच केलेलं. तुम्ही गाडीमागे धावत म्हणे म्हणालात, "अरे थांबव, मी डेपो मॅनेजर आहे." शेजारचा म्हातारा म्हणाला, "आन् मी कलेक्टर हाय. चला आता पायी."

दुपारी शेळ्यांच्या टेम्पोतून परत आलात. गॉगलची एक काच गायब. केबिनमध्ये न जाता आलेखासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "बाई, आपण चढलेले मोजतो. राहिलेले कोण मोजतंय?" आवाजात लाज नव्हती, आश्चर्य होतं. ऑर्डर तुम्ही स्वतः फाडलीत.

तेव्हापासून कंडक्टरांच्या कागदावर एक रकाना वाढला: "राहिलेले प्रवासी." पहिल्याच शनिवारी त्या कंडक्टरने त्यात लिहून आणलं, "लई." तुम्ही त्याला समोर उभं केलंत. "लई म्हणजे किती?"

"मोजाय थांबलो आस्तो तर गाडीतच घेतले नस्ते का, साहेब?"

 मग तुम्ही निळी पेन्सिल उचललीत आणि चिंचेच्या फाट्यावर कागदाच्या वरच्या काठापर्यंत पट्टी ओढलीत. पुढाऱ्याची काढून घेतलेली गाडी डेपोत उभीच होती. ती सकाळी डेपोच्या गावातून कोणालाही न घेता रिकामी न्यायची आणि पहिला माणूस फाट्यावर घ्यायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर टोपलीसकट मावशी बसल्या होत्या. महिन्याने वरच्या ऑफिसचा खलिता आला: गावात प्रवासी शून्य असताना ही गाडी का सोडली जाते, याचा खुलासा करावा. तुम्ही मला एकच ओळ सांगितलीत: "साहेबांनी एकदा सकाळी फाट्यावर उभं राहून पाहावं, ही विनंती." कोणी आलं नाही, पण गाडी चालू राहिली.

पुढे मीही बढत्या मिळत अधिकारी झाले, संगणक आले, माझ्याही समोर रंगीत पट्ट्या आल्या. शून्य दिसलं की मी माणूस पाठवायचे. हाताखालचे वैतागायचे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुम्ही शेळ्यांमधून उतरलात, तेव्हा मी टायरच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले होते. बाहेर आले तर डोळे लाल. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, धूळ गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही नगरहून डोळ्यांत घालायचं औषध आणून माझ्या टेबलावर ठेवलंत आणि बाटली संपेपर्यंत रोज चौकशी केलीत. फार झोंबायचं ते, साहेब. डोळ्यांना काहीही झालं नव्हतं.