तुझा फोटो स्टँडवर लागलाय

प्रिय मावशी,

नाव तू कधी सांगितलंच नाहीस, म्हणून मावशीच. सकाळी पोलिसांनी तलासरी स्टँडवर तुझा फोटो चिकटवला, माझ्या चहाच्या गाडीसमोरच. डोळे मिटलेले, पदर बाजूला सारलेला. खाली लिहिलंय, अनोळखी मृत महिला, ओळखत असल्यास कळवा. तेव्हापासून चहात साखर घातली की नाही, तेसुद्धा लक्षात राहत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

इतकी वर्षं स्टँडवरच्या बाकड्यामागे राहिलीस. हायवेवरची माणसं गाडी थांबवून मोबाइल काढायची, की तू तोंडावर पदर घेऊन चप्पल उगारायचीस. मी चिडवायचे, मोठी नटी लागून गेलीस गं!

यंदा थंडीत मुंबईची माणसं ब्लँकेटं वाटायला आली. देताना फोटो हवाच, वर दाखवावा लागतो म्हणे. मी किती विनवलं तुला! पण तू पदर सोडला नाहीस. त्यांच्यातल्या एका बाईंनी तुझ्या मांडीवरचं ब्लँकेट उचललं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला दिलं, फोटोसकट.

मी चिडून विचारलं, एवढं काय दडवायचंय? तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या भावाने मला अशी रस्त्यावर बघायला नको."

लाज थंडीपेक्षा मोठी का गं? अजून राग येतो तुझा. थंडीने गेलीस की तापाने, कुणी सांगतही नाही.

आता येणारा-जाणारा चहा पीत तुझं तोंड बघतो. दुपारी एका माणसाने त्या फोटोचाही फोटो काढला. ग्रुपवर टाकतो, कुणीतरी ओळखेल, म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, पण फिरत फिरत तो फोटो तुझ्या भावाच्या मोबाइलवर गेला तर? कागद फाडायला हात उचलला होता मी. मग वाटलं, तो बिचारा तुला शोधत असला तर? सांग ना, मी काय करायचं?

हवालदारांना विचारलं. आपलं म्हणून कुणी पुढे आलं की कागद काढू, म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी कोण लागते ती?"

मी तशीच गाडीकडे वळले.

उद्या गाडी लावणार नाही. चौकीत जाऊन सांगणार आहे, माझी मावशी आहे. भाऊ मागाहून आला, तर भांडू दे माझ्याशी. दवाखान्यात तुला ठेवलंय, तिथे गेल्यावर आधी तुझ्या तोंडावर पदर ओढेन, मग बाकीचं.

आजपासून तुझी भाची,
सुनंदा