पुन्हा या, म्हणाल्या

प्रिय सूनबाई,

समोरासमोर बोलायला बसले तर माझ्या तोंडून आधी प्रश्नच बाहेर पडतील, आणि प्रश्न विचारले की तू हसून "काही नाही हो आई" म्हणशील. ते हसू मला आता पाठ झालंय. म्हणून लिहायला घेतलं. अक्षराची थट्टा करू नकोस. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं दुकानात दुरुस्तीला आलेली शिलाई मशीनं उघडून आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन शिकले.

तुम्ही दोघं सोनोग्राफी करून आलात, त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. गोड बातमी तुम्ही आधीच सांगितली होती, म्हणून मी दुकानाचं दार लोटून जिन्यात वाट बघत बसले होते. आमचे चिरंजीव पायरीवरूनच म्हणाले, सगळं ठीक आहे. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. अशी न विचारता उत्तर देणारी माणसं मी दुकानात फार पाहिलीत. जो आल्या आल्या "मशीन पडलंबिडलं नाही हं काकू" म्हणतो, त्याचं मशीन हमखास कुठूनतरी गडगडत आलेलं असतं. मग साहेबांनी भांडी घासली. ज्याने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही तो पातेली घासतोय, वर शीळ घालतोय. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग काय, दिसेल त्याच्यावर संशय. तू आईला फोन करायला गच्चीवर का जातेस? तुझी आई माझ्याशी एरवी कान दुखेपर्यंत बोलणारी, ती माझी तब्येत विचारून लगेच फोन का ठेवते? आधी वाटलं, तुमचं दोघांचं वाजलंय. मग वाटलं, याची नोकरी गेली. एक दिवस तर वाटलं, जुळं आहे आणि म्हातारीला हळूहळू सांगायचं ठरलंय. तो दिवस बरा गेला.

खरं कळलं ते दवाखान्याच्या फोनमुळे. चिरंजीवांनी दुसरा नंबर म्हणून दुकानाचा देऊन ठेवला होता. तिकडची मुलगी मला घरचं माणूस समजून सगळं बोलून गेली. बाळाचे ठोके दिसले नव्हते ना, म्हणून पुन्हा तपासायचंय, गुरुवारी सकाळी या. मी "हो, हो" म्हणत राहिले, जणू मला सगळं ठाऊकच होतं. तुलाही निरोप पोचला असणार, कारण संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरात गुरुवारच्या कोपऱ्यात पेनाचं बारीक टिंब उमटलेलं दिसलं.

आता माझी अडचण ऐक. आमच्या धंद्यात तोंडावर "गेलं" म्हणायची पद्धत नाही. बाई मशीन घेऊन येते, तिचं पोट त्यावर असतं. आतला दांडा तुटलाय हे मला झाकण उघडताच दिसतं, तरी मी म्हणते, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात ये. तेवढ्यात तिचं मन तयार होतं. तेव्हा "पुन्हा या" ऐकलं आणि मी काय समजायचं ते समजले. त्या सोनोग्राफीवाल्या बाईंना सगळं दिसलंय आणि त्या तुला झुलवत ठेवतायत, अशी माझी खात्रीच झाली.

मी गेले तिथे. भाजीची पिशवी हातात घेऊन, सहज वाटेत आल्यासारखी. खरं काय ते सांगा म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी विचारते, आजी, तपासणी तुमची आहे का? बाकावरच्या सगळ्या बायका खुदखुदल्या. शेवटी सोनोग्राफीवाल्या बाई स्वतः बाहेर आल्या. तुझ्याबद्दल चकार शब्द काढायला तयार नाहीत. मी म्हटलं, ठीक, मग कुणाबद्दलच नको, कुठल्याही बाईचं सांगा. तेव्हा त्या शेजारी टेकल्या. म्हणाल्या, फार लवकर तपासलं तर नुसती गर्भाची पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत. तारखा मागेपुढे झालेल्या असतात. पुढच्या खेपेला कधी दिसतात, कधी नाही दिसत. मला त्या दिवशी खरंच माहीत नसतं, म्हणून पुन्हा बोलावते. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होते. लपवणारं माणूस कुठेतरी नजर चोरतं. त्यांनी चोरली नाही. तरी मला पाऊणच पटलंय, खोटं कशाला बोलू.

घरी आले आणि मग तुझ्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस मी तू काय लपवतेस तेच बघत होते, तुला बघतच नव्हते. खिडकीजवळच्या पायडलच्या मशीनवर तू तपासणीच्या आदल्या रविवारी दिवसभर बसली होतीस, चिंध्या जोडून दुपटं शिवत, पाय अखंड चालू. आता त्याच मशीनवर तू चादर टाकलीस, स्टूल आत नेऊन ठेवलंस आणि दुकानातून जाताना त्याला टाळून भिंतीला घासून जातेस. या घरात मी एकटीच संशय घेत नव्हते तर. तू मात्र एकाच माणसावर घेत होतीस, स्वतःवर.

म्हणून काल पुन्हा गेले. आता तिथे मला खुर्ची देतात. विचारलं, पायडल मारल्याने असं होतं का? बाई म्हणाल्या, नाही. मशीनने नाही, जिन्याने नाही, बादली उचलल्याने नाही. इतक्या लवकर बिघडलंच, तर बहुतेकदा ते मुळातच नीट जुळलेलं नसतं. आईने केलेलं त्यात काही नसतं. हे मी दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा त्या जरा वैतागल्या.

एवढं सांगण्यासाठी हे पत्र. उद्या गुरुवार. सगळं छान होईल असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. नवरा बरोबर असेलच तुझ्या. मी जिन्याखाली चप्पल घालून उभी असेन. न्यावंसं वाटलं तर हाक मार, नाही तर सरळ पुढे जा, मी थोडीशीच कुरकुर करेन. बाहेर आलीस की तुझा चेहरा वाचत बसणार नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन. ठोके दिसोत, न दिसोत, दोष स्वतःत शोधू नकोस. माझं शोधून झालंय, पोरी. संशय घ्यायला कुणी माझ्याकडून शिकावं, आणि मला तुझ्यात काही सापडलं नाही.

तुझीच,
जिन्याखाली उभी असलेली सासू