कॉकपिटमधले अकरा डायल

१४ जून २०११

सीटचे पट्टे जमत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, ब्लेडने कापलेली, एक मिलिमीटर रुंद. पट्टा बोटाला चिकटला, मग गेला. चष्मा लावून फरशी झाडली. सापडलं ते भाताचं फोलपट.

दादाने हे सहज केलं असतं. तो वीस वर्षं हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होता, विमानातले डायल बसवायचा. मी तीस वर्षं आमगावच्या कॉलेजात मराठी शिकवलं. माझ्या हाताला खडूपेक्षा बारीक काही माहीत नाही.

या विमानाचा खोका त्याचाच. लोकेंद्रने — त्याच्या मुलाने — पुण्याहून पाठवलेला. मिग-२१, प्लास्टिकचं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं. दादाने कॉकपिटचा तुकडा तळहातावर घेतला आणि मोठ्याने हसला. "अंदर तो कुछ हैच नहीं! फळी पे स्टिकर चिपका दिया!" मग आतलं सगळं स्वतः करायला बसला. वहीत यादी केली. सीट अर्धी झाली.

दोन मेला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलतात.

अर्धी सीट माझ्याकडे आली.

१७ जून

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कायले डोळे फोडून राहिले जी? त्यायले का समजते आता?"

हे त्याच्यासमोर. त्याला पेज भरवता भरवता.

डॉक्टरांचंही तेच मत. पहिल्या आठवड्यात त्यांनी दादाचा हात हातात घेतला. "समजत असेल तर दाबा." दाबला नाही. डॉक्टर आमच्याकडे वळून बोलू लागले. तेव्हापासून सगळे आमच्याकडेच वळून बोलतात.

२० जून

लोकेंद्रचा फोन. दसऱ्यानंतर आई-बाबांना पुण्याला नेणार. तिथे व्यायाम करवणारे घरी येतात, लिफ्ट आहे, सगळं आहे.

मी म्हटलं, दादाने हे घर स्वतः उभं राहून बांधलं. त्याला इथून हलवणं बरं नाही.

"काका, बाबांनी एकदा जरी दाखवलं की त्यांना समजतं आणि इथंच राहायचंय, तर मी हात नाही लावणार. पण त्यांना पुणे काय, आमगाव काय?"

तो चुकीचं बोलत नाही. हीच अडचण आहे.

दसऱ्याला साडेतीन महिने आहेत.

२१ जून

वीज दिवसभर नाही. काही केलं नाही.

२ जुलै

सुटे भाग ज्या काड्यांना जोडलेले येतात, त्यातली एक मेणबत्तीवर धरली. मऊ पडली तेव्हा दोन्हीकडून ओढली. केसाएवढा धागा निघाला! त्याच्या वायरी होतात. वहीत तसंच लिहिलं आहे. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"तुमच्या हातालेबी काही येते म्हणा!"

त्या किती दिवसांनी हसल्या.

धागा दादाच्या डोळ्यांसमोर धरला. तो माझ्याकडे पाहत होता, धाग्याकडे नाही.

९ जुलै

पॅनेल. पंधरा मिलिमीटर रुंद, त्यावर अकरा डायल. इंजेक्शनची जाड सुई टोकाला घासून सपाट केली. तिने प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून चकत्या पाडल्या. एकेक चकती बाजरीच्या दाण्याहून लहान. सतरा पाडल्या, नऊ उरल्या. शिंक आली होती.

सायबर कॅफेतून पॅनेलचा फोटो छापून आणला. धूसर आहे. उंचीचा डायल डावीकडे, इंजिनाचे उजवीकडे, एवढं कळतं. दादाच्या वहीत फक्त "डायल — ११". जागा लिहिल्या नाहीत. त्याला कशाला लागतील?

१२ जुलै

एक कल्पना सुचली. कागदाचे रुपयाएवढे अकरा गोल कापले. प्रत्येकावर डायल काढला. दादाला उशांना टेकवून बसवलं, मांडीवर ताट ठेवलं, त्यात फोटोप्रमाणे गोल मांडले. "बरोबर आहे का? चूक असेल तर सरकव."

बराच वेळ काही नाही. मग दोन बोटं निघाली!

उंचीचा डायल डावीकडून उचलून — उचलून नव्हे, घासत — उजव्या कडेला नेला. इंजिनाचा डावीकडे आणला. आणखी दोन हलवले. मग हात पडला.

सगळे चूक. फोटो धूसर असला तरी एवढा नाही.

मी ताट उचललं. त्याने तोंडातून आवाज काढला. कसला, कळलं नाही.

१३ जुलै

परत मांडले. तेच.

वहिनी म्हणाल्या, "खेळून राहिले ते. लहान लेकरू झाले आता."

२४ जुलै

टिकाराम आला होता. दादाचा शाळासोबती, कामठ्याला शेती. भाताची रोवणी अर्धवट सोडून आला, पाय चिखलाचेच. खाटेशी बसून मोठमोठ्याने बोलला, जसा बहिऱ्याशी बोलतात.

"काऊन रे पुरन? विमानं सोडून खाट पकडली का? ऊठ ना बे!"

दादाचे डोळे ओले. टिकाराम म्हणाला, "वारा लागला असन."

जाताना अंगणात — खिडकी उघडी होती — मला म्हणाला, "सर, कसं म्हणावं. पण असं राहण्यापेक्षा..."

मी म्हटलं, "हो. त्याच दिवशी गेला असता तर सुटला असता. आपणही सुटलो असतो."

हे मी बोललो. इथे लिहून ठेवतो.

६ ऑगस्ट

कॉकपिटच्या डाव्या बाजूची स्विचांची पेटी बिघडली. इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, थ्रॉटल, तीनदा मोडला. गोंद जास्त झाला, स्विचं विरघळली. सगळं फेकलं. परत आणून ठेवलं.

३० ऑगस्ट

लोकेंद्र पोळ्याला आला होता. आज गेला.

काल त्याच्यासमोर ताट मांडलं. मी आधी सांगितलं होतं, "बघ, त्याची बोटं चालतात." दादाने सरकवले. तेच चार, त्याच चुकीच्या जागी. लोकेंद्रने फोटो पाहिला, ताट पाहिलं. बापाच्या कपाळावरून हात फिरवला.

"काका, बस. बस झालं."

रागावला असता तर बरं झालं असतं.

तिकिटं काढली म्हणाला. नऊ ऑक्टोबर, महाराष्ट्र एक्सप्रेस.

३१ ऑगस्ट

वहिनींना विचारलं, तुम्हाला जायचं आहे का.

"मले कोण विचारून राहिलं? ते जिथं, तिथं मी."

"मी विचारतो ना."

"तुमी? तुमी तर त्यायले थाटीत कागद मांडून विचारता!"

१८ सप्टेंबर

पॅनेल रंगवलं. काळं, मधोमध पांढरी रेघ. चकत्या फोटोप्रमाणे चिकटवल्या. अकराही सरळ बसल्या. काचा म्हणून नेलपॉलिशचे थेंब.

चांगलं झालं आहे. दादाला दाखवलं. त्याने डोळे मिटून घेतले.

हे मी कोणासाठी करतो? त्याला इथे ठेवायला, की मला या घरात एकट्याला राहावं लागू नये म्हणून? दुसरं कारण खरं नाही, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

२ ऑक्टोबर

वहीतली शेवटची ओळ: "पीछे की पाइपिंग." पॅनेलच्या मागे प्रत्येक डायलला नळ्या आणि वायरी जातात. विमानाचे दोन अर्धे भाग एकमेकांना चिकटले की त्यातलं काहीही दिसत नाही. तो यादी करत होता तेव्हा मी म्हटलं होतं, दिसणार नाही तर करायचं कशाला? "हम को तो मालूम रहेगा ना!"

म्हणून आज त्या करायला बसलो. कुठली वायर कुठे, यासाठी पॅनेल उलटं केलं. पाठीवर टाचणीने खुणा केल्या. उंची. दिशा. इंजिन.

उंची उजव्या कडेला आली.

इंजिन डावीकडे.

मी टाचणी खाली ठेवली. कपाटातून कागदाचे गोल काढले, पाठीवरच्या खुणांप्रमाणे टेबलावर मांडले. दादाची मांडणी! चारही. कुठेही चूक नाही.

पायलट सीटवर बसतो, त्याला डायलांची तोंडं दिसतात. फिटर पॅनेलखाली डोकं घालून उताणा पडतो, टॉर्च दातात धरून. वीस वर्षं त्याचे हात मागूनच चालले. मी विचारत होतो पायलटचं, तो सांगत होता स्वतःचं.

आणि तीनदा तेच सांगितलं. बुद्धी गेलेला माणूस तीनदा एकच चूक करत नाही. हे मला ऑगस्टमध्येच कळायला हवं होतं. मी मास्तर होतो!

३ ऑक्टोबर

सकाळी ताट मांडलं. या वेळी मागून. अकराही.

दादा पाहत राहिला. बोटं निघाली, गोलांवरून गेली, एकही हलवला नाही. इंजिनाचा गोल जरासा तिरका होता. तो बोटाच्या टोकाने सरळ केला.

वहिनींना हाक मारली. समजावून सांगितलं. त्या खाली बसल्या.

"म्हणजे आयकून राहिले होते का जी? पाच महिने?"

मी अंगणाकडच्या खिडकीकडे पाहिलं नाही.

मग दादाला म्हटलं, ताटावर बोट वाजव. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तुझं नाव पुरनलाल? एक. हे नागपूर आहे? दोन. ठणठणीत दोन! वहिनी पुढे सरकल्या. "चहात साखर कमी पडते का जी?" एक. लगेच. "अगा माय! मी तर साखर बंदच केली होती. डॉक्टरनं सांगतलं म्हणून." हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि उठून चहा ठेवला.

लोकेंद्रला फोन केला. सगळं सांगितलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग काका, त्यांनाच विचारा. ते म्हणतील तसं. नाही म्हणाले तर मी तिकिटं रद्द करतो."

आज विचारलं नाही. तो थकला होता. घाईही नाही. उत्तर मला माहीत आहे.

४ ऑक्टोबर

दिवसभर वायरी. अकराच्या अकरा.

५ ऑक्टोबर

विचारलं. पुण्याला जायचं? एक.

बोट चुकून लागलं असेल. उलटं विचारलं. इथं राहायचं, आपल्या घरात? दोन.

"का" हे एक-दोनमध्ये सांगता येत नाही. "माझ्यामुळे का" हे येतं. ते विचारलं नाही.