बरोबरीत सुटलेला सामना आणि माझी हत्यारं

मी, दयानंद बाबली तिरोडकर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा मोटार दुरुस्ती, मूळ राहणार तिरोडा, तालुका सावंतवाडी, हल्ली मुक्काम वादी कबीर, मस्कत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोललेलं नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो आणि मग इंजिन उतरवायला घेतो. म्हणून लिहून ठेवणं भाग आहे.

कुडाळच्या वकिलांनी मसुदा पाठवला होता. तो व्यवस्थित आहे, पण त्याने माझ्या घरातला वाद मिटणार नाही. आमच्याकडे काय दिलं यावर कुणी भांडत नाही, का दिलं यावर भांडतात. म्हणून जिथे जरूर वाटलं तिथे कारण लिहिलं आहे. वकिलांनी रागावू नये.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात किंवा जेवण चांगलं झालं म्हणून "हे तुका, ते तुका" असं जे काही तोंडी बोललो असेन ते सर्व रद्द समजावं.

कलम २. वादी कबीरचं गॅरेज कागदावर माझं नाही, अर्बाबचं, म्हणजे माझ्या ओमानी मालकाचं आहे. ते मी कुणाला देऊ शकत नाही आणि कुणी मागूही नये. अर्बाबशी माझी गाठ सूर बंदरात पडली. तेव्हा मी तिथे लाकडी गलबतांची डिझेल इंजिनं दुरुस्त करत होतो. त्यांचं गलबत सुरू करून त्यांनी माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि विचारलं, "काय बिघडलंय?" मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि सांगितलं. फडकं सोडून ते म्हणाले, "यल्ला, मस्कतला चल." सूरची चालू नोकरी सोडून मी गेलो. तेव्हाही माझे सगळे नातेवाईक मला वेडा म्हणाले होते. हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल.

गॅरेजात माझी आहेत ती हत्यारं. त्यांचं कलम ५ मध्ये पाहा.

कलम ३. तिरोड्याचं राहतं घर, भोवतालची आंब्याची कलमं आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी पत्नी सौ. सुगंधा हिला. तिला विचारलं तर म्हणाली, "माका काय नको. फक्त तुमी धड परत येवा." हे लिहून घेता येत नाही, म्हणून घर लिहितो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिच्यापुढे आवाज चढवण्याची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

कलम ४. पनवेलचा फ्लॅट मुलगा चि. कौशिक याला. तो इथेच मस्कतमध्ये अझैब्याला एसी ऑफिसात बसतो, चांगलं कमावतो, मला त्याचा अभिमान आहे. पुढचं कलम वाचून तो चिडणार आहे. त्याने पाणी प्यावं आणि मग वाचावं.

कलम ५. कुडाळची महामार्गालगतची जागा, तिच्यावरची पत्र्याची शेड आणि वादी कबीरच्या फळीवरची माझी सर्व हत्यारं, म्हणजे पाने, जॅक, चेनब्लॉक आणि तो सूरचा लांब स्क्रूड्रायव्हर, मुलगी चि. विशाखा हिला. तिने तिथे गॅरेज काढावं. तिने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आहे आणि तिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे.

यावर काय बोललं जाईल ते मला माहीत आहे, कारण माझ्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान शाबूत आहेत. कौशिक आईला स्वयंपाकघरात म्हणाला, "मम्मी, बी प्रॅक्टिकल. हायवेची जागा आहे, बिल्डरला दिली तर सगळ्यांचं भलं. हिला दिली तर ही परत बॅट घेऊन धावणार." आणि दोघं हसले. पलीकडच्या खोलीत विशाखा होती. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाबा, राहू दे. शोरूमची नोकरी आहेच ना. मी नाही काढत गॅरेज."

अकरा वर्षं झाली. पोरीने स्कूटर शिकायची म्हटलं, तर बॅट. पुण्याला शिकायला जाते म्हटलं, तर बॅट. आता मी वैतागलो आहे. म्हणून त्या बॅटचा निकाल मी सही-साक्षीसह लावतो. हे मृत्युपत्राचं कलम आहे, गप्पा नाहीत.

कलम ६. हकीकत अशी. अझैब्याला अमेरिकन कंपनीतल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी बेसबॉल सुरू केला होता. त्यांच्या कोचची जीप मी दुरुस्त करायचो. एक दिवस ते म्हणाले, आमच्याकडे समोर खेळायला दुसरी टीमच नाही. मी आणि माझा भागीदार तय्यब परकार, आम्ही वादी कबीरची पोरं गोळा केली. तय्यबचे सकलैन आणि उजैर, माझी दोघं, आणखी शेजारपाजारची. गॅरेजचं नाव छापलेले निळे टीशर्ट दिले. मैदान अर्बाबने मिळवून दिलं, मशिदीशेजारचं. अट एकच, शुक्रवारची आजान झाली की मैदान रिकामं करायचं, कारण नमाजाला येणाऱ्यांच्या गाड्या तिथे लागतात.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चेंडू मारायचा, बॅट तिथेच टाकायची आणि चार कोपऱ्यांना पाय लावत फिरून घरी यायचं, म्हणजे जिथून मारला तिथे. फिरताना अंगाला चेंडू लावला की बाद. आणि गोलंदाजाचं लक्ष नसेल तेव्हा पुढचा कोपरा चोरता येतो. त्याला चोरीच म्हणतात आणि चोरी केली तर लोक टाळ्या वाजवतात. विशाखा अकरा वर्षांची होती. टीममधली एकुलती एक मुलगी. पण चोरावं तर तिनेच. गोलंदाजाने नुसता खांदा फिरवला तरी ही निघाली. कोच मला म्हणाले, हिला कुणी शिकवलं? मी म्हटलं, हिच्या आईला विचारा, लाडवांचा डबा कुठेही ठेवला तरी सापडतो हिला.

एकोणीसशे शहाण्णवच्या मार्चमधला शेवटचा सामना. आमची शेवटची पाळी, आम्ही दोन रननी मागे. दोन जण बाद झालेले, तिसरा बाद झाला की पाळी संपते. सकलैन दुसऱ्या कोपऱ्यावर, कौशिक पहिल्यावर. विशाखाने चेंडू असा हाणला की तो मैदान ओलांडून नमाजाला लवकर आलेल्या एका गाडीखाली गेला. सकलैन घरी आला. कौशिक घरी आला. बरोबरी झाली.

कौशिक, हे वाक्य तू परत वाच. तुला घरी कुणी आणलं?

विशाखा मात्र बॅट हातात घेऊनच पळत होती. सगळे ओरडत होते, "बॅट टाक! बॅट टाक!" तिने टाकली नाही. तिसऱ्या कोपऱ्यावर आमच्या बाजूच्या कोचनी दोन्ही हात वर केले, म्हणजे थांब. ती थांबली नाही. का थांबावं? समोरच्या टीमचा पोरगा गाडीखाली पोटावर झोपून चेंडू ओढत होता, ते तिला दिसत होतं. त्याने फेकला, हिने झेप घेतली आणि हात पुढे करायच्या ऐवजी क्रिकेटमध्ये क्रीजला टेकवतात तशी बॅट घराच्या फळीला टेकवली. वाळूत रेघ ओढत. बेसबॉलमध्ये बॅट टेकवून काही होत नाही, स्वतः पोचावं लागतं. विकेटकीपरसारखा जो मागे बसतो त्याने तिच्या पाठीला चेंडू लावला. आऊट. सगळं मैदान हसलं. अमेरिकन हसले, आपले हसले, लिंबू सरबत वाटणाऱ्या आमच्या शेजारीण प्रेमा शेणॉय यांच्या हातून जग सांडला.

आणि त्याच वेळी आजान सुरू झाली.

खलास. अर्बाबची अट होती. अंपायरनी दोन्ही कोचना बोलावलं आणि सांगितलं, सामना बरोबरीत, कप दोघांचा. हे सर्वांदेखत झालं. आम्ही हरलो नाही. पुन्हा लिहितो, आम्ही हरलो नाही.

कौशिकचं म्हणणं असं की ती तिसऱ्यावर थांबली असती तर पुढच्याने सामना जिंकून दिला असता. पुढचा कोण होता? उजैर. त्याने अख्ख्या मोसमात चेंडूला बॅट लावली नव्हती. त्याचा बाप तय्यब हे माझ्यासमोर बसून कबूल करतो आहे. त्याचे शब्द, "दयाभाय, लिही बिनधास्त. आपला उजैर तर हातमोजा टोपी म्हणून घालायचा."

त्या दिवशी घरी येताना विशाखा मागच्या सीटवर बॅट मांडीवर घेऊन बसली होती. रडून झालं होतं. मी विचारलं, "गो, सगळे ओरडत होते, टाकली का नाहीस?"

ती म्हणाली, "खाली वाळू होती ना. तुम्हीच बोलता, हत्यार वाळूत नाही टाकायचं."

माझ्या गॅरेजात हा नियम आहे. हातातलं हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही. वाळू लागली की पाना घसरतो, नटाची कड जाते, आणि इथे वाळूशिवाय दुसरं आहे काय. काम झालं की फळीवर ज्याच्या त्याच्या रंगवलेल्या आकारावर नेऊन टांगायचं. माझ्या हाताखालच्या मोठमोठ्या बाप्यांना हे सांगून सांगून माझा घसा बसला. ही पोर शाळेतून आल्यावर कोपऱ्यात नुसती बसायची, तिने ऐकलं. आणि सगळं मैदान ओरडत असताना पाळलं.

मग म्हणाली, "बाबा, कुणाला बोलू नका. अजून हसतील." मी बोललो नाही. आज लिहितो, कारण हसणाऱ्यांना अकरा वर्षं भरपूर झाली.

कलम ७. माझी टोयोटा, तिच्या मुल्कियासह, म्हणजे नोंदणीच्या कागदासह, माझा मेव्हणा कृष्णकांत याला. त्याचा तिच्यावर डोळा आहे हे मला ठाऊक आहे, दर भेटीत टायरला लाथ मारून बघतो. पण एका अटीवर.

त्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट कृष्णकांतने काढली. रुवीच्या बाजारातून नवा कॅमेरा आणला होता. तेव्हापासून बारशाला, वाढदिवसाला, सत्यनारायणाला, जिथे टीव्ही दिसेल तिथे तो ती लावतो. "आता बघा, आता बघा, बॅट टेकयतली!" असं ओरडतो, बॅट टेकते, सगळे हसतात आणि तो तिथेच बंद करतो. गेल्या मे महिन्यात तिरोड्याला विशाखाला बघायला पाहुणे आले. हा सुटीवर येताना स्वतःचे कपडे विसरला, कॅसेट विसरला नाही. पाहुण्यांना दाखवली. मुलाचा काका म्हणाला, "आमच्याकडे पण बॅट घेवनच येतली काय?" विशाखा चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आली नाही. कृष्णकांत मला म्हणतो, "भावोजी, गंमत हो! तेंका गंमत कळना नाय." गंमत आम्हाला कळते. तीच गंमत अकरा वर्षं कळते.

तरी अट अशी. माझ्या तेराव्याला जेवणं झाली की सगळ्यांना बसवून कृष्णकांतने ती कॅसेट लावावी. या वेळी मध्ये बंद करायची नाही. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. पुढे आजान ऐकू येईल, अंपायर ऐकू येतील, दोन्ही टीमनी मिळून कप वर धरलेला दिसेल. शेवटपर्यंत लागली तर गाडीची चावी सुगंधाने त्याला द्यावी. नाहीतर गाडीही विशाखाला. कॅसेट कुठल्याही परिस्थितीत विशाखाला, मग तिने ती ठेवावी नाहीतर चेनब्लॉकला टांगलेल्या इंजिनाखाली चिरडावी.

मी ऑपरेशनमधून परत आलो तर तेराव्यासाठी थांबायला नको. पहिल्याच शुक्रवारी मी स्वतः लावीन.

कलम ८. कप सहा महिने अमेरिकनांकडे आणि सहा महिने आमच्याकडे असं ठरलं होतं. त्यांचं कंत्राट संपलं, ते गेले, कप गॅरेजातच राहिला. सध्या त्यात जुने स्पार्क प्लग आहेत. प्लगसह विशाखाला. कुडाळच्या शेडमध्ये फळी रंगवून झाली की वरच्या कोपऱ्यात ठेवावा.

विशाखा, तुला एवढंच. थांबायचा हात तुला दिसला होता, तरी धावलीस, कारण चेंडू कुठे आहे ते तू स्वतः बघितलं होतंस. जागेचंही तसंच कर. फक्त घर जवळ आलं की बॅट पुढे करू नकोस. हात पुढे कर.

कलम ९. तय्यब परकार याला काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला दिलेलं टिकत नाही असं वकील सांगतात. जे द्यायचं ते मी आजच त्याच्या हातात देतो आहे. काय ते आमच्या दोघांत.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं, आणि दोघांसमोर सही केली.

ठिकाण: वादी कबीर, मस्कत
दिनांक: २२ नोव्हेंबर २००७

(सही) दयानंद बाबली तिरोडकर

साक्षीदार पहिला: तय्यब इस्माईल परकार, राहणार वादी कबीर. यांनी माझ्यासमोर सही केली. सामन्याला मी हजर होतो. बरोबरी झाली होती. उजैरबद्दल लिहिलेलं खरं आहे.
(सही)

साक्षीदार दुसरी: श्रीमती प्रेमा शेणॉय, परिचारिका, राहणार वादी कबीर. सही माझ्यासमोर झाली. सामना बरोबरीत सुटला. त्या दिवशी मीही हसले होते. आज वाचताना हसले नाही.
(सही)