आश्रुबाच्या नावेवरचे मासे

२ फेब्रुवारी १९७४
मानवतहून एस.टी.नं हाडं खिळखिळी करून घेत एकदाचा धरणावर पोचलो. मासेखात्यात नोकरी, दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीतून पाणीच पाणी. आपण तर लय खूश! बायकोला, रुख्मिणीला, पाचवा महिना लागला. आधीची दोन पोटातच गेली, हे तरी नीट हातात यावं. डॉक्टर म्हणाले, मासे खाऊ घाला. घ्या म्हणावं, दारातच मासे.

९ फेब्रुवारी
पण मासे आहेत कुठं? भोयांची जाळी रिकामीच वर येतात. तळाशी नुसता गाळ, माशाला आडोसा नाही. ट्रेनिंगला शिकवलं होतं, परदेशात निकामी जहाजं मुद्दाम समुद्रात बुडवतात. त्यांवर शेवाळ धरतं, मासे वस्तीला येतात, पाणबुडे बघायला जातात. आमच्याकडं जहाज कुठलं आलंय? पण आश्रुबा भोयाची जुनी नाव काठावर पालथी पडलीय. धरण व्हायच्या आधी तीच माणसं पल्याड न्यायची. वा रे पठ्ठ्या!

१४ फेब्रुवारी
आश्रुबा नको म्हणाला. या नावेनं पुरात बुडून मेलेल्यांची मढी काढलीत. अशी नाव थकली की काठावर फोडून जाळायची, तिच्या नावानं भात ठेवायचा, ही त्यांची रीत. परत पाण्यात गेली तर ती पुन्हा माणसं भरायला लागती म्हणे. मी हसलो. चांगलं सागवान जाळायचं म्हणजे काय! साहेबांची सही आणली, दगड भरले, दिली बुडवून.

३ मार्च
कमाल झाली! जाळं फाटेस्तोवर मासे. हातभर मरळ, रोहू. रुख्मिणीला मीच साफ करून देतो, ती बोटं चाटून खाते. तोंडावर कसं तेज आलंय. साहेबांनीही पाठ थोपटली.

२८ मार्च
शी! आज मासा चिरला तर आत काळ्या केसांचा गुंता. वीतभर लांब. तीनदा साबणानं हात धुतले, वास जाईना. फुगलेल्या ढोराचा वास. भोई हे मासे घरात शिजवतच नाहीत, सगळे बाजारात धाडतात, हे आज कळलं. मेल्यांनी सांगू नये? सांगितलं होतं की. मीच हसलो होतो.

११ एप्रिल
बुडी मारून तळाची नाव पाहून आलो. सागवान मऊ पडलंय. बोट टेकवलं तर आत गेलं, पांढरं चिकट काहीतरी नखात भरलं. अजून निघत नाही. बाकांवर मासे ओळीनं बसले होते. पोहत नव्हते, बसले होते, उतारू बसतात तसे. सगळे माझ्याकडं बघत. एकच जागा मोकळी. लहानशी.


१२ एप्रिल
घरात मासे बंद. आश्रुबाचे पाय धरले, नाव वर काढू म्हणालो. तो म्हणाला, भरायला लागलेली नाव मधीच काढता येत न्हाई.

४ मे
रुख्मिणी ऐकत नाही. भाकरी नको, मासाच पाहिजे. चोरून कच्चाच खाते, डोक्यासकट, खवल्यांसकट. ओठाला खवले चिकटलेले. पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो, त्यात पाणी साचतं. पुसलं. परत साचलं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाची सूज. त्यांना तिचा वास येत नाही का?
माझी बायको, अन् तिच्याजवळ बसवत नाही. लाज वाटते मला माझी. मीच चारलं तिला.

२० मे
सकाळपासून कळा. आठवाच महिना. दगडाबाई सुईण आत आहे. म्हणते, नुसतं पाणीच जायलंय. दोन घागरी भरल्या. त्यात गाळ. केस —

दुपार. देवा, एवढं एक दे. फक्त एवढं —

बाळ आलं. जित्तं हाय म्हणते. पण रडत नाही. तोंड उघडतंय, मिटतंय. निळं पडायलंय. दगडाबाई विचारते, घागरीतल्या पाण्यात ठेवू का —

तिसरं आहे हे. हेही गेलं तर —

ठेव म्हणालो.

रंग परतला. घागरीत डोळे उघडे ठेवून बघतंय. पापण्या नाहीत. हात लावावा वाटत नाही, अन् माझंच —

रुख्मिणी उठली. ओली बाळंतीण, घागर कडेवर घेतलीय. धरणाकडं निघाली. मी वही हातात घेऊनच दारात आडवा उभा, ती म्हणते, बाजूला सर, नाव थांबलीय, आता फक्त याचीच जागा मोकळी —