उलटसुलट शिवलेले गीतपुस्तक व इतर चीजवस्तू

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तो मलाही पटला आहे. कोणाची जबरदस्ती नाही, प्रकृती ठणठणीत आहे. मरायची घाई उरली नाही, म्हणूनच हे शांतपणे लिहिता येते आहे.

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. वकीलबाई म्हणाल्या, एवढे एक वाक्य पुरे. मला पुरत नाही. ते मी चार वर्षांपूर्वी, माझी अकरा वर्षांची मुलगी अपघातात गेल्यावर, आपणही मरायचे असे ठरवून लिहिले होते. मुलगी माझ्या थोरल्या भावाच्या स्कूटरवर मागे बसली होती. म्हणून त्यात एक ओळ होती: "माझ्या शवपेटीला माझ्या भावाने हात लावू नये." ते मृत्युपत्र, ती ओळ आणि तो बेत, तिन्ही रद्द.

२. पुस्तके दाबून धरायचा शिकंजा, दाभणे, सुया आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी काठीवाल्या मावशींना द्यावी. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आहेत. मुलगी गेल्यावर वर्षभर माझ्या प्रार्थनेत एकच शब्द होता: का? उत्तर आले नाही. दर मंगळवारी दुपारी मावशी मात्र यायच्या, काठी कोपऱ्यात टेकवायच्या आणि माझ्याकडे पडून असलेल्या कागदांना घड्या घालायच्या. घड्या वाकड्या. एकदा मी चिडून विचारले, "देव गप्प का आहे?" त्या म्हणाल्या, "ते त्यालाच विचार बाई, मी घड्या घालायला आलेय." प्रभूने उत्तराऐवजी मावशींना पाठवले, असे लिहायचे धाडस तेव्हा नव्हते. आज लिहिते.

मावशी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. हे कलम वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "माझ्या आधी जायचं नाही हं, रांगेत मी पुढे आहे." त्या आधी गेल्यास ही हत्यारे मंडळीकडे जावीत. शिकू इच्छिणाऱ्या कोणालाही वापरू द्यावीत.

३. मंडळीच्या गीतपुस्तकाच्या साठ प्रती कोणीही दुरुस्त करू नयेत. याचे कारण नोंदवणे भाग आहे. त्या वर्षानंतर पाळकसाहेबांनी मला सुई हातात धरायला लावण्यासाठी हे काम आणले. मी सहावा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा, पाचव्याच्या आधी शिवला. एका प्रतीत नव्हे, साठही प्रतींत. रविवारी शोकाचे गीत सुरू झाले. पहिले कडवे संपले, सगळ्यांनी एकदम पान उलटले, आणि समोर येशूच्या पुनरुत्थानाच्या आनंदगीताचे शेवटचे कडवे! क्षणभर ऑर्गन थांबला. मग मास्तरांनी चाल बदलली आणि अख्खी मंडळी तेच कडवे मोठ्याने गाऊ लागली. मी खांबाआड तोंड लपवले.

उपासनेनंतर मी म्हणाले, "सगळ्या परत द्या, उसवून नीट शिवते."

"खबरदार!" मावशींनी काठी आपटली. "आयुष्यात पहिल्यांदा ते रडगाणं वेळेवर संपलं."

मी हसले. चौदा महिन्यांनी. आधी कोण हसतेय ते मलाच कळले नाही. तेव्हापासून मंडळी ते गीत तसेच गाते. माझ्या अंत्यविधीलाही त्याच प्रतींतून गावे, आणि पान उलटल्यावर आवाज चढवावा.

४. माझ्या बावीस रोजनिश्या भावाला वाचायला द्याव्यात आणि नंतर मंडळीत ठेवाव्यात. एकीत दोन पाने खळ लावून मीच चिकटवली होती. ती एका मंगळवारी ओल्या फडक्याने सोडवून मी मावशींना वाचून दाखवली. त्यांत लिहिले आहे की अपघाताच्या दिवशी मीच भावाला फोन केला होता: "दादा, लवकर आण तिला."

मावशींनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, मी उद्या विसरेन. त्याला सांग."

मी त्याच दिवशी गेले. दादा म्हणाला, "मला माहीत आहे. फोन माझ्याच खिशात होता ना."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला कोणावर तरी रागवायला हवं होतं. म्हटलं, माझ्यावर राहू दे."

या कलमात आधी मी "भावाला क्षमा केली" असे लिहिले होते. वाचून लाज वाटली, खोडले. क्षमा मागायची होती ती मीच. मागितली. मिळाली.

५. नवरा फार पूर्वीच वारला, दुसरे मूल नाही. म्हणून घर आणि बँकेतली शिल्लक भावाला द्यायची ठरवली होती. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. दादा लगेच म्हणाला, "मग घर नको. मला सही करायचीय." मी खूप समजावले. "तू जगतेयस याला साक्षीदार व्हायचंय मला," म्हणाला, "घर घेऊन काय करू?" त्यामुळे घर व शिल्लक मंडळीला. समोरच्या खोलीत मंगळवारी दुपारी दार उघडे ठेवावे. कोणी दुःखात आला तर त्याला उपदेश करू नये, शेजारी बसावे.

६. माझ्या शवपेटीचा पुढचा उजवा कोपरा माझ्या भावाने उचलावा.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: बांधणीच्या दुकानातले खिडकीजवळचे टेबल
दिनांक: पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), उपासनेनंतर

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) ऑर्गन वाजवणारे मास्तर

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून ठेवणारीचा थोरला भाऊ. त्याला यात कलम सहामधल्या कोपऱ्याखेरीज काहीही मिळत नाही. वकीलबाई म्हणाल्या, तेवढ्याला कायद्याची हरकत नाही.